उपरण्याखालचा देव

देवानं मला फसवलं. मी त्याला फसवलेलं नाही. माझ्या बाजूनं जे ठरलं होतं ते मी आजही पाळतो आहे, म्हणून हे लिहायला मला कुणाची भीती नाही.

मी बैलांचा व्यापारी. वाटूरपासून भोकरदनपर्यंत मी उभा राहिलो नाही असा बाजार नाही. आधी दुसऱ्याचे बैल हाकत पायी जायचो, मग स्वतःचे. आमच्या धंद्यात भाव तोंडानं बोलत नाहीत. उपरण्याखाली हात घालायचा, समोरच्याची बोटं धरायची आणि दाबायची. बघणाऱ्याला काही कळत नाही. मान हलली की सौदा पक्का. मग बैल वाटेत लंगडला तरी कुणी परत येत नाही. माझा राग बाजारात सगळ्यांना माहीत आहे, पण ठरलेलं मी मोडलं असं कुणी म्हणणार नाही.

बायको माझ्या उलट. तिनं आयुष्यात कधी भाव केला नाही. लग्न झालं तेव्हा आम्ही पत्र्याच्या एका खोलीत राहायचो. एका दुपारी घरात पीठ नव्हतं, आणि हिनं चूल पेटवून तवा ठेवला.

"रिकामा तवा कशाला तापवून राह्यली?" मी खेकसलो.

"तवा ठेवला की पीठ येतं. त्याला माहीत न्हाई का, इथं दोघं उपाशी हायेत म्हणून?"

पीठ आलं. धावड्याच्या एका शेतकऱ्याला मी त्या आठवड्यात चांगली जोडी मिळवून दिली होती. तो आमच्या वाटेनं जाताना बाजरीचं पीठ ठेवून गेला. मी म्हणालो, बघ, माझ्या जोडीमुळं आलं. ती भाकरी थापत म्हणाली, "देवानं दिलं."

माझं दुखणं हेच. घर झालं, देवानं दिलं. विहिरीला पाणी लागलं, देवानं दिलं. मुलगी शिकली, तेही त्यानंच. उन्हात उभा मी आणि पाटी त्याच्या नावाची. एकदा भांडणात मी विचारलंच, "मंग मी काय केलं?"

"तुम्ही आणलं की. देणारा येगळा, आणणारा येगळा. पोस्टमन मनिऑर्डर आणतो, म्हणून काय त्यानं पाठवली का?"

त्या पोस्टमनवरून मी दोन दिवस जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी भूक लागली. पण एकदा तरी तिच्या तोंडून "तुम्ही दिलं" ऐकायचं, हे मनात राहिलं ते राहिलंच.

मागच्या उन्हाळ्यात ती चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाऊन आली. दारात चप्पल काढायला वाकली आणि तिथंच बसली. लकवा. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, वाचा येईलही, नाहीही येणार. तुम्ही तिच्याशी बोलत राहा.

"निदान कधीपर्यंत ते सांगा," मी म्हणालो.

"ते माझ्या हातात नाही."

समोरच्याच्या हातात काही नसेल तर बोटं धरायची कुणाची? मी बाजारात जायचं सोडलं. सकाळी तिला उठवायचं, तोंड पुसायचं, घास भरवायचा, आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसायचं. ती माझ्याकडे बघायची. घरात बोलणारा मी एकटाच उरलो, आणि मला बोलायला काही सुचेना. चाळीस वर्षं मी फक्त ओरडलो होतो.

भावजय भेटायला आली. म्हणाली, "भावजी, देव पाण्यात ठेवा. गुदमरला म्हंजी ऐकतो."

आमच्याकडे बाया हे करतात. काम होईपर्यंत देव्हाऱ्यातला देव पाण्यात बुडवून ठेवायचा. मी बायकोचा पितळी गणपती उचलला, तांब्याच्या पातेल्यात पाणी भरलं आणि त्यात ठेवला. बायको आतल्या खोलीत खाटेवर होती, तिला सांगितलं नाही. पातेल्यावर माझं उपरणं टाकलं आणि खाली हात घातला. त्याच्यावर पाचही बोटं ठेवली. पाच बोटं म्हणजे सगळी वाचा, पहिल्यासारखी. माझ्याकडून रोजची पूजा माझ्या हातानं, आणि या घरात पुन्हा आवाज चढवणार नाही.

दिवस गेला, वाचा आली नाही. दुसऱ्या दिवशी मी चार बोटांवर आलो. मग तीन.

मुलगी जालन्याहून आली होती. तिनं बघितलं. "अण्णा, कुणाशी भाव करून राह्यले?"

"तुझी आई ज्यानं दिलं म्हणते त्याच्याशी."

"त्याला पण बाजारात उभा केला का?"

आठव्या दिवशी मी एका बोटावर आलो. एक शब्द. कोणताही चालेल, म्हणालो. गरजवंतानं आपली पडती बाजू आधी दाखवायची नसते, हे मी बाजारातल्या पोरांना शिकवलं आहे. पण माझी कंबर मोडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलीनं तिला चाकाच्या खुर्चीत बसवून पहिल्यांदा स्वयंपाकघरात आणलं. तिनं रिकामा देव्हारा बघितला. मग पातेलं. डाव्या हातानं उपरणं ओढलं. बैलाला पराणी टोचणाऱ्याकडे बघावं तसं तिनं माझ्याकडे बघितलं. ओठ हलले, लाळ गळली, मान थरथरली.

"काढा," ती म्हणाली.

स्पष्ट. मुलगी रडायलाच लागली. मी देव काढला, तिच्या मांडीवर ठेवला. तिनं तो डाव्या हातानं पदरात धरून पुसला, सोंडेच्या आतपर्यंत. मी तिच्या पायाशी बसलो. "आता माझ्याशी बोल," म्हणालो. "शिवी दे. काही पण बोल." ती पुसत राहिली.

त्यानंतर एक अक्षर नाही.

मी मागितलेला शब्द त्यानं स्वतः पाण्यातून निघायला वापरला. कोणताही चालेल असं मीच म्हणालो होतो. बैल घेताना दात मोजायचे विसरावेत तसं ते झालं. बाजारात मी हात झटकून निघून गेलो असतो. इथून कुठं जाणार?

मी रोज पूजा करतो. कुंकू चुकीच्या जागी लागलं की ती डाव्या बोटानं दाखवते. मी आवाज चढवत नाही. चढलाच तर अंगणात जाऊन येतो. भाकरी मीच थापतो, कडा फाटतात, ती तशाच खाते. आज डब्यात पीठ असून मी आधी रिकामा तवा ठेवला आणि तिच्यासमोर बसून राहिलो. तिला कळलं. तिनं देव्हाऱ्याकडे बघितलं. तिचा भरवसा अजून तिथंच आहे, इतकं होऊनही.

तर देवा, ऐक. देणारा तू, आणणारा मी, हे आता मला मान्य आहे. मी आणायला तयार आहे, म्हणशील तिथून. तवा तापला आहे. मग तिची वाचा का देत नाहीस? ती तुला कधी विचारणार नाही, म्हणून मी विचारतो आहे. मला उत्तर पाहिजे.