येचनवालीच्या रजईतला कापूस

येचनवालीला नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. आंदोंगजवळच्या त्या खेड्यात सून आली की माहेरच्या गावावरून ओळखली जायची. ही येचनची, म्हणून येचनवाली. नवरा लढाईत गेला, मूलबाळ नाही. तेव्हापासून थोरल्या जावेच्या घरातली कोपऱ्यातली खोली आणि घरभरच्या रजयांची निगा एवढंच तिच्या वाट्याला आलं. ही थोरली जाऊ उल्जिनवाली. तोंडाची अशी फटकळ, की शेजारचं कुत्रंसुद्धा तिच्या दारावरून वळसा घालून जायचं.

रजयांच्या बाबतीत मात्र येचनवाली कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. कापसाला पाणी लावायचं नाही म्हणजे नाही. थंडीच्या आधी खोळ उसवायची, कापूस उन्हात टाकून काठीनं झोडपायचा. खोळ राखेच्या पाण्यात उकळायची, तिला भाताची खळ द्यायची आणि ती दमट आहे तोवर दोघींनी दोन टोकं धरून ताणून घ्यायची. मग पायांनी तुडवायची, दगडावर दांडक्यांनी कुटायची आणि पुन्हा शिवायची. सगळं एकटीला जमायचं, ताणणं तेवढं सोडून. त्याला समोर उल्जिनवालीच लागायची. वर्षभर पोटात ठेवलेलं सगळं दोघी तेव्हाच बाहेर काढायच्या.

लग्नाच्या रजईला मात्र तिनं बोट लावायचं नाही. नवरीची रजई शिवायला ज्यांचा नवरा हयात, घर मुलांनी भरलेलं, अशाच बायका बसायच्या. येचनवालीनं सुई उचलली रे उचलली, की उल्जिनवाली सगळ्यांदेखत म्हणायची, "ऊठ गं, पांढऱ्या पायाची! पोरीचं वाटोळं करायचंय का?" आणि येचनवालीला ते खरंच वाटायचं. आपली सावली पडायला नको, म्हणून ती दारातून डोकावायचीसुद्धा नाही.

त्या वर्षी उल्जिनवालीच्या मुलीचं, मालसुकचं लग्न ठरलं. ही पोर येचनवालीच्या पाठीवरच वाढलेली. आत बायका लाल-हिरवं रेशीम पसरून रजई शिवत होत्या आणि अंगणात येचनवाली स्वतःच्या रजईची खोळ घेऊन उभी होती. ती रजई तिच्या लग्नातली. आईनं शेताच्या बांधावर कापूस लावून, बोंड बोंड वेचून भरलेली. त्या घरात तिची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू.

आदल्या दिवशी तिनं ती उसवली, तर आत पिवळा पडलेला, गोळे झालेला कापूस निघाला होता. त्यात चिलमीनं जळल्याचा डाग. तो तिच्या चांगला ओळखीचा होता. तिनं खोळ धुतली, खळ दिली आणि जावेला हाक मारली.

"ओढा जाऊबाई. हातात जीव नाही का?"

"हळू गं मेले, खांदा उखडशील!"

"माझ्या रजईत सासऱ्यांच्या जुन्या रजईतला कापूस कसा आला?"

उल्जिनवालीनं टोक गच्च धरलं. "आला असेल. एकट्या बाईला ऊब लागते तरी केवढी? गुमान ओढ."

"माझा कुठंय?"

उल्जिनवालीची नजर खोलीच्या दाराकडे गेली. आतून बायकांचं खिदळणं ऐकू येत होतं.

येचनवालीला कळलं. सगळ्यात आधी ती भ्याली ती पोरीसाठी. "विधवेचा कापूस मालसुकच्या अंगावर घालताय? अहो, तिचं काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"काय होतंय? कापूस तो कापूस. असलं खरं मानायला मी काय खुळी आहे?"

"म्हणजे काही होत नाही?"

"नाही म्हटलं ना!"

"मग मला लग्नालग्नांतून उठवलंत ते कशापायी?"

"तुला बसू दिलं असतं, तर माझ्या शिवणीकडे कुणी ढुंकून पाहिलं असतं का?" उल्जिनवाली भडाभडा बोलून गेली आणि स्वतःच दचकली.

येचनवालीचं डोकं फिरलं. एवढं आयुष्य ती स्वतःच्याच हाताला भीत आली होती. तिनं होता नव्हता तो जोर लावून खोळ ओढली. उल्जिनवालीनंही तिकडून सगळा भार टाकला, आणि येचनवालीनं टोक सोडून दिलं.

उल्जिनवाली मागच्या मागे खळीच्या घमेल्यात जाऊन बसली. तिच्या शिव्या साऱ्या आळीला ऐकू गेल्या.

येचनवालीनं हात धुतले, ती सरळ आत गेली आणि लाल-हिरव्या रजईपाशी बसून सुईत दोरा ओवला. बायका दचकून बाजूला सरकल्या. तेवढ्यात खळीनं बरबटलेली उल्जिनवाली दारात आली.

"बोला जाऊबाई," येचनवाली म्हणाली. "उठू म्हणता? उठते की. पण का उठायचं, ते आज या सगळ्यांना सांगा."

उल्जिनवालीनं हाताची खळ पुसली. "शिव," ती कशीबशी म्हणाली.

येचनवाली शिवायला लागली. शेजारच्या बाईनं वाकून टाके पाहिले. "अगं बाई! असला हात इतकी वर्षं कुठं लपवला होतास?"

"यांना विचारा," येचनवाली म्हणाली.