मंगलाबाईंना न आवडलेला सिनेमा

सुरतेच्या डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत मंगलाबाईंना नावं ठेवायला जागा नव्हती. साड्यांना टिकल्या लावण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि बाई कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमारास त्यांना एक सिनेमा आवडला नाही आणि सगळी गल्ली हात धुऊन त्यांच्या मागे लागली.

सिनेमा जुना. बाप आणि दोन पोरं हरवलेल्या आजोबांना शोधायला होडीतून निघतात. वाटेत जंगल, मगरी, दरोडेखोर आणि एक शहाणं माकड. आम्ही सगळ्यांनी तो लहानपणी जत्रेतल्या तंबूत पाहिलेला. मंगलाबाईंचे यजमान राघोभाऊ सुरतेत येऊन नवेनवे कापडाच्या लूमवर लागले, तेव्हा त्यांनी तो इतक्या वेळा पाहिला की संवाद तोंडपाठ झाले. बाई तेव्हा पारोळ्याकडे सासरी होत्या. खोली मिळाली की नेतो, असं म्हणत भाऊंनी काही वर्षं काढली. ‘तुला तो सिनेमा दाखवीन’ हेही ते तेव्हापासूनच म्हणत आलेले.

अखेर एका सुट्टीच्या दुपारी त्यांनी व्हिडिओ भाड्याने आणला. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भाऊ प्रत्येक संवाद आधीच म्हणून टाकत, आणि लूमच्या खडखडाटाने कान गेलेले, म्हणून ओरडून. सिनेमा संपल्यावर त्यांनी मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं.

“बरा व्हता,” असं म्हणून बाई चहा ठेवायला उठल्या.

भाऊंचं तोंड एवढंसं झालं. रात्री ते जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी बोलले नाहीत. मला तर बाईंचाच राग आला. नवऱ्याने एवढी हौस केली, गोड बोलायला काय जात होतं? बायका विचारून विचारून थकल्या. गाणी लांब होती का? मगरींची भीती वाटली का? बाई प्रत्येकीला नाही म्हणत. पोरं गोड होती, माकडाला त्या हसल्याही होत्या. मग कुठं बिनसलं, ते त्यांचं त्यांनाच कळेना. “मन्हंच डोकं फिरेल शे,” म्हणत त्या डोळे पुसायच्या, आणि मग रडू का येतंय याचंही त्यांना नवल वाटायचं.

पुढे एका संध्याकाळी बाई आणि मी, आम्ही दोघी ओट्यावर टिकल्या लावत बसलो होतो. भाऊ लूमच्या पाळीवरून आले आणि चपला न काढताच समोर उभे राहिले.

“खरं सांग. तुले आवडना नई ना? काय वाईट शे त्याम्हा?”

बाईंनी हातातली टिकली साडीवर दाबून बसवली. मला वाटलं, आता भांडण जुंपणार. मग त्या एकेक शब्द शोधत बोलू लागल्या. अर्धं त्यांनाही तेव्हाच सुचत असावं.

“पयले ती माय नदीवर उभी ऱ्हास ना... तिले संगे काबरं नई लई गयात? होडी निंघी गई, मंग तिनं काय व्हयनं?”

माकडाच्या टोपीचा रंगसुद्धा सांगणारे राघोभाऊ कपाळाला आठ्या घालून उभे राहिले.

“कोनती माय?” त्यांनी विचारलं.

मंगलाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या. भाऊ अगदी मनापासून आठवायचा प्रयत्न करत होते.