चार गज बारा गिरह

जे आता लिहीत आहे ते माझ्या पत्नीलाही ठाऊक नाही. तहसील कचेरीच्या आवारात बसून मी इतकी वर्षे इतरांची गाऱ्हाणी स्वच्छ अक्षरात मांडली. पण हा एक मजकूर कधी कागदावर उतरवला नाही. तुमची-माझी ओळख नाही — कदाचित म्हणूनच तुमच्यापाशी बोलणे जमत असावे.

मी अर्जनवीस. उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकलो. पुढचे सारे कानांनी मिळवले. पोलीस ॲक्शन झाले, कचेऱ्यांची भाषा पालटली, आणि माझ्याहून जाणते कित्येक मुन्शी वर्षभरात रिकामे बसले. मी बसलो नाही. मराठी अर्जांचे मसुदे मी पाठ केले, फूट-इंच शिकलो, आणि आवारात माझ्या शब्दाला वजन आले. 'हे मला ठाऊक नाही' — असे मी त्या काळात कोणापुढे म्हटल्याचे आठवत नाही. त्यात भूषण होते का? तेव्हा वाटत होते.

पाचोडकडचे एक जमीनदार, दाजीसाहेब, औरंगाबादेत माडीचे घर बांधत होते. अंगणातून माडीच्या सज्ज्यावर जाण्यास त्यांना लोखंडी गोल जिना हवा होता — मध्ये एक खांब, त्याभोवती फिरत वर जाणाऱ्या ओतीव पायऱ्या. पायऱ्या आणि खांब पुण्याच्या कारखान्यातून यायचे होते. माप घेणे आणि जिना उभा करणे हे काम करीमभाई लोहारांचे. करीमभाई पन्नाशीचे, शांत, हाताचे पक्के. दाजीसाहेब नव्या शाळेच्या बांधकाम समितीवर होते. हा जिना नीट उभा राहिला तर शाळेच्या खिडक्यांचे आणि फाटकाचे सारे लोहारकाम करीमभाईंना मिळावयाचे होते. कारखान्याला माप कळवणारे पत्र लिहिण्यासाठी दाजीसाहेबांनी मला बोलावले.

करीमभाईंनी सज्ज्यावरून दोरी सोडली, अंगणाच्या फरशीला टेकवली, गजाने मोजली. पुन्हा सोडली, पुन्हा मोजली. मग म्हणाले, "चार गज बारा गिरह. लिखो मुन्शीजी, बारा भूलना नक्को."

दाजीसाहेब हसले. "गज-गिरह निजामाबरूबर गेलं, करीमभाई! पुण्याच्या लोकास्नी ते काय कळतंय? मुन्शी, फुटात लिवा."

गज म्हणजे तीन फूट, हे मला येत होते. पण गिरह? गजाचा बारीक भाग, एवढेच माहीत होते. फुटाचा बारीक भाग जसा इंच — तसाच हा असणार, असे मी मनाशी ठरवले. बारा गिरह म्हणजे बारा इंच, म्हणजे एक फूट. एकूण तेरा. समोर माप घेणारा माणूस उभा होता. त्याला विचारायला किती वेळ लागला असता? उलट करीमभाईंनीच विचारले, "बराबर बैठा ना हिसाब?" मी मान वर न करता म्हणालो, "तुम्ही लोखंड बघा, कागद मी बघतो."

गिरह सव्वादोन इंचांची असते. बारा गिरह म्हणजे सव्वादोन फूट.

महिन्या-दीड महिन्याने खांब आला, पायऱ्या आल्या. करीमभाईंनी दोन दिवसांत जिना उभा केला — गोलाई अशी सुरेख, की शेजारीपाजारी पाहायला आले. पण शेवटची पायरी सज्ज्याच्या सव्वा फूट खालीच संपली. करीमभाई तिच्यावर उभे राहून सज्ज्याच्या कडेला हात लावत होते, पुनःपुन्हा, जणू हाताचीच काही चूक असावी. मी खाली उभा होतो, आणि मला कळले. तिथेच, त्या क्षणी कळले.

दाजीसाहेबांनी पत्राची नक्कल पुढे धरली. "तेरा फूट कुणी सांगितलं?"

मी म्हणालो, "त्यांनी सांगितले तेच मी लिहिले." फुटांचा हिशेब करीमभाईंना येत नव्हता; त्यांना ते खरेच वाटले.

आता पुढचे सांगतो. इथवरचे कोणाकडूनही घडू शकते, असे तुम्ही म्हणाल. — पुढचे ऐका.

दाजीसाहेबांनी समितीला तक्रार दिली, की हा कारागीर मापाचा भरवशाचा नाही. ती माझ्याच अक्षरात होती. समितीने खुलासा मागवला, आणि तो लिहून घ्यायला करीमभाई कोणाकडे आले? माझ्याकडेच. त्यांना उर्दू वाचता येई, मराठी येत नसे. समोर बसून म्हणाले, "मुन्शीजी, आप तो थे ना वहाँ. मैंने चार गज बारा गिरह बोला था, इत्ताच लिखो. और कुछ नक्को."

इतकेच लिहायचे होते! एका ओळीचे काम. समितीत एखादा तरी जुना माणूस असणार, ज्याला गिरह ठाऊक असेल. तो हिशेब करील, आणि बोट माझ्याकडे वळेल. मी टाक उचलला आणि लिहिले — 'माप घेताना माझ्या हातून दुर्लक्ष झाले, ही चूक मला मान्य आहे, तरी क्षमा असावी.' मग तोच कागद हातात धरून त्यांना वाचून दाखवला, त्यांनी सांगितलेल्या शब्दांत. अडखळलो नाही. त्यांनी लक्ष देऊन ऐकले, "बराबर" म्हणाले, आणि खाली उर्दूत सही केली.

शाळेचे काम त्यांना मिळाले नाही. पुढे शहरात दुसरेही कोणी बोलावीना. वर्षभरात ते भट्टी मोडून वैजापूरला जावयाकडे गेले.

काही वर्षांनी कामानिमित्त मी वैजापूरला गेलो. बाजारात ते बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवत होते. ज्या हातांनी तो जिना फिरवला, तेच हात. मला पाहून ते उठले, हात पुसले, चहा मागवला, आणि भोवतीच्या माणसांना सांगू लागले, "ये औरंगाबाद के मुन्शीजी. मेरे वास्ते अकेले इन्होंनेच सच लिखा था. समितीवाले सुने नहीं, वो अलग बात."

मी ते ऐकून घेतले. चहा प्यालो. कप खाली ठेवला आणि म्हणालो, "शेवटी त्यांची मर्जी, करीमभाई."