मामांना कुठे विचारू नये

माझ्या बायकोच्या मामांइतका सरळ आणि तरीही लपवाछपवी करणारा माणूस सबंध इंदुरात दुसरा सापडणार नाही, हे मी पैजेवर सांगायला तयार आहे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात पस्तीस वर्षं त्यांनी प्रत्येक गाठोड्यावर ते कुठे जाणार हे ठळक अक्षरांत लिहिण्यात घालवली, पण स्वतः कोथिंबीर आणायला निघाले तरी ठिकाण सांगणार नाहीत. घराबाहेर पडणाऱ्याला 'कुठे' म्हणून विचारू नये, काम होत नाही, ही आपल्याकडची जुनी समजूत. बाकीचे विसरले, मामा विसरले नाहीत. कोणी विचारलंच तर पायातले बूट काढायचे, आत येऊन खुर्चीवर बसायचं, भांडंभर पाणी प्यायचं आणि मग पुन्हा पहिल्यापासून निघायचं. लग्नानंतर मी नाशिकहून इथे नोकरीला आलो आणि आम्ही स्नेहलतागंजात मामांच्याच घरी वरच्या मजल्यावर राहू लागलो. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना एका सकाळी तीनदा परत बसवलं. तिसऱ्या भांड्यानंतर ते शांतपणे म्हणाले, "जावईबापू, आज आता राहू द्या. पोटात जागा नाही." मग बायकोने मला बाजूला घेऊन शिकवलं की फार तर 'लांब का?' म्हणायचं, त्याच्यापुढे जायचं नाही.

आणि अशा माणसाच्या नशिबी माझ्यासारखा जावई यावा, ज्याचं पोटच लोकांना 'कुठे' विचारण्यावर चालतं! आमची कंपनी फोनवरचा एक खेळ बनवते. खेळणाऱ्याने गावात खरोखर पायी हिंडायचं आणि जागोजागी फोनमधला दिवा लावायचा. रोज तिथे जाऊन तेल घातलं तर दिवा राहतो, तीन दिवस गेला नाहीत तर विझतो. आता काही महाभाग पलंगावर लोळत फोनला खोटं ठिकाण सांगतात आणि राजवाड्यापासून हातोदपर्यंत दिवे लावून मोकळे होतात. त्यांना पकडणं हे माझं काम. ऑफिसातल्या निम्म्या लोकांचं म्हणणं, प्रत्येकाचा दिवसभराचा रस्ता साठवून ठेवा, चोर आपोआप सापडेल. मी म्हणायचो, माणूस खरंच चालला की नाही एवढंच आपल्याला हवंय, तो कोणाच्या दारात उभा राहिला याच्याशी आपल्याला काय करायचंय? पुष्कळ भांडून मी नियम करून घेतला की रस्ता फक्त यंत्राने तपासायचा, आठवड्यात पुसून टाकायचा, आणि माणसाने तो उघडून बघायचा नाही. या नियमाचा मला कोण अभिमान होता.

मामांच्या फोनात तो खेळ मीच घालून दिला. फोनने सुरुवातीलाच ठिकाण कळू द्याल का म्हणून विचारलं, तर हे बूट काढून खुर्चीवर बसले. "पूछा तो इसने भी," म्हणाले आणि पाणी प्यायले. मग मात्र जे खेळायला लागले ते थांबेचनात. सकाळी सहाच्या ठोक्याला निघायचे आणि नऊला चौकातल्या पोह्यांच्या दुकानावर पोचायचे. तिथल्या मंडळींना आपला दिवा दाखवायचे, एक दिवसही न विझलेला. तो कुठल्या जागेवरचा आहे, हे अर्थातच कोणाला सांगायचे नाहीत.

आणि एके दिवशी आमच्या यंत्राने मामांना चोर ठरवलं. रोज तीच वेळ, तोच रस्ता, एका जागी बरोबर वीस मिनिटं उभं राहणं. इतक्या नेमाने खरा माणूस वागत नाही, हे त्या यंत्राला मीच शिकवलं होतं. मामा पोह्यांच्या दुकानावर फोन दाखवत असतानाच पडद्यावर आलं की फसवणुकीमुळे खातं बंद. कोणीतरी हसून म्हणालं, "क्या भिया, घर बैठे-बैठे खेल रहे थे?" मामा पोहे तसेच टाकून घरी आले. "पार्सलमधून सुतळीचा एक तुकडा घरी आणला नाही कधी," मला म्हणाले. "मला चोर म्हणोत, चालेल. पण तो दिवा विझू देऊ नका, जावईबापू." त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

मी ऑफिसात गेलो आणि मामांचा रस्ता उघडला. खरं तर फोनने मोजलेली पावलं पाहिली असती तरी ते चालतात हे सिद्ध झालं असतं. पण घाई होती, आणि खोटं कशाला बोलू, उत्सुकताही होती. रस्ता घरापासून निघून थेट सुदामा नगरात एका बागेच्या फाटकाशी थांबत होता. समोरचं घर मला ठाऊक होतं. तिथे त्यांचे थोरले भाऊ राहतात, माझी बायको त्यांना दादामामा म्हणते. आईच्या तेराव्याला दोघे भांडले, कशावरून ते आता दोघांनाही धड सांगता येणार नाही, आणि तेव्हापासून बावीस वर्षं एकमेकांच्या दारात पाऊल नाही. दादामामा व्हरांड्यात पेपर घेऊन बसलेत, ठीक आहेत, एवढं लांबून बघायला हा सत्तरीचा माणूस रोज जाऊनयेऊन दहा-बारा किलोमीटर चालत होता. मला तिथेच रडू आलं. खातं लगेच सुरू करून दिलं.

तेवढ्यावर थांबायला हवं होतं मी. दुसऱ्या दिवशी सकाळी मामा एका पायात बूट घालून बसले होते आणि मी, मोठा शहाणा, म्हणालो, "मामा, रोज एवढं जाताच, तर एकदा आत जाऊन दादामामांना भेटा ना." त्यांनी बूट काढला, खुर्चीवर बसले, पाणी प्यायले. आता उठतील म्हणून मी थांबलो, पण ते उठले नाहीत. "बघितलंत तुम्ही," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशीही गेले नाहीत, तिसऱ्याही नाहीत, आणि दिवा विझला. मी माफी मागितली तर म्हणाले, अहो, तुमचं कामच आहे ते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दोन महिन्यांनी दादामामा झोपेतच गेले. बावीस वर्षांनी मामा त्या घरात शिरले आणि भिंतीला टेकून बसले. दादामामांची सून त्यांना ओळखत नव्हती, ती आपली माझ्या बायकोला सांगत होती: "समोर बागेपाशी रोज एक जण येऊन उभे राहायचे, लांबून चेहरा काही दिसायचा नाही. येणं बंद झालं तर बाबांना चैनच नाही. तबियत तर ठीक आहे ना त्याची, म्हणायचे. मी म्हटलं, कुठे राहतात ते बागेत कोणाला विचारून येऊ का? तर म्हणाले, नको, 'कुठे' विचारलेलं त्याला चालत नाही."

मामा तिथे बसून हे ऐकत होते.

आता आमच्या खेळात आम्ही फक्त पावलं तपासतो, रस्ता घेतच नाही. ऑफिसातले म्हणतात, चार चोर जास्त सुटतात. सुटू देत. मला ते सगळे चालतील, तो एक बूट काढलेला मात्र अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

परवा सकाळी सहाला मी जिन्यावर उभा होतो. मामा बूट घालून दारापर्यंत गेले, थांबले, आणि मागे न बघता मोठ्याने म्हणाले, "सुदामा नगरला जाऊन येतो." त्यांना कोणीही विचारलं नव्हतं.