पोळ्याच्या रंगातील मोटार आणि माझा कोट

अर्जदार: मी, कचेरीबाहेरील अर्जनवीस. सामनेवाला: कोरीट गावचा एक शेतकरी, नाव विचारावयाचे राहिले. दिवस: पोळ्याच्या आदला. साक्षीदार: त्याचे दोन बैल.

सदर इसमाने एका साहेबाची जुनी शर्यतीची मोटार अंगणात दुरुस्त करून, बैलांच्या शिंगांच्या लाल रंगाने रंगविली. कुंचला लावण्यापूर्वी तो तिला बैलासारखे थोपटून "हो, हो" म्हणे. पाहावयास गेलेला मी रुबाबात तिला टेकलो, आणि माझा कचेरीचा एकुलता एक कोट पाठीवर लाल झाला.

तो शांतपणे म्हणाला, "भाऊसाहेब, बैलना शिंगवरथीन रंग वरीसभर निंघस नही, तं कोटवरथीन कसा निंघी?"

युक्तिवाद बिनतोड आहे. तथापि कचेरीतील साहेबांपुढे वर्षभर पाठ लपवून वावरणे अशक्य. सबब, कोटाची पुढील बाजूही त्याने त्याच रंगात रंगवून द्यावी, असा हुकूम व्हावा, ही विनंती.