भाड्याचा पोशाख

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीत, झेरॉक्सच्या खोलीला लागून, बाईंचं टेबल होतं. शहरातल्या एखाद्या महिला मंडळाला, वाचनालयाला किंवा ज्येष्ठांच्या संघाला दूरच्या देशाविषयी ऐकायचं असलं, की त्यांनी बाईंना फोन करायचा आणि बाईंनी त्या देशातला विद्यार्थी नाहीतर प्राध्यापक गाठून पाठवायचा. वक्त्याला मानधन नाही. जायची-यायची सोय आणि चहा, एवढंच.

बाईंची एक शिस्त होती. वक्ता ठरवण्याआधी त्या मंडळाला विचारायच्या, "त्यांना प्रश्न काय विचारणार आहात?" आगाऊ प्रश्न फोनवरच खोडून टाकायच्या. वक्त्यानं रोजच्या कपड्यांत जायचं. नाच नाही, गाणं नाही. "मी माणूस पाठवते, बाहुली नाही," असं त्या ठणकावून सांगत.

मंडळांना मात्र बाहुलीच हवी होती. बाईंची थोरली नणंद अशाच एका मंडळाची अध्यक्ष. ती एकदा म्हणाली, "वहिनी, रागावू नका हं, पण तुमचा तो लांबुडका प्राध्यापक त्यांच्याकडच्या करवसुलीवर बोलला. अर्ध्या बायका पेंगल्या, बाकीच्या विणत बसल्या. एकीचा तर स्वेटर पुरा झाला!"

"मग काय हवं होतं, ताई?"

"अहो, काहीतरी बघण्यासारखं!"

हळूहळू फोन आटले. नवे साहेब आले, त्यांनी बाईंना केबिनमध्ये बोलावलं. "ज्येष्ठांच्या संघाचे अध्यक्ष आपल्या कुलगुरूंचे मित्र आहेत. त्यांचा कार्यक्रम रंगला तर ठीक. नाहीतर हे टेबल बंद करू. तुम्हाला परीक्षा विभागात घेऊ."

परीक्षा विभागात म्हणजे निवृत्तीपर्यंत गुणपत्रिकांची पाकिटं चिकटवणं. 

त्यांच्याकडे हक्काचा एकच वक्ता उरला होता. डोंगराळ देशातली मुलगी, पुलांच्या बांधणीवर संशोधन करणारी. इथे आल्या आल्या ती तापानं फणफणली, तेव्हा बाईंनी तिच्या वसतिगृहावर रोज डबा पोचवला होता. तेव्हापासून ती त्यांना मावशी म्हणे. आपल्या गावचा दोरांचा पूल, शेजारच्या देशाच्या सैन्यानं तो कसा जाळला, आजोबा नदी पोहून कसे आले, हे ती अडखळत पण फार जीव ओतून सांगायची.

बाईंनी चाचरत विचारलं, "या वेळी तुमचा तो पारंपरिक पोशाख घालशील?"

मुलगी हसली. "मावशी, माझ्याकडे नाही. आमच्या शहरात सगळे जीन्स घालतात. आणि तुम्हीच तर..."

"हो गं. या एकाच वेळी. पोशाखाचं मी बघते."

नाटकांना कपडे पुरवणाऱ्या दुकानात बाई गेल्या. दुकानदार म्हणाला, "डोंगरातल्या देशाचा ना? आहे की. टोपीसकट!" लाल झगा, रुंद पट्टा, झालरीची टोपी. हा एकदा मुलीला दाखवून आणावा, असं बाईंच्या मनात आलं. पण ती नको म्हणाली तर? त्यांनी गाठोडं बांधून घेतलं.

कार्यक्रमाच्या दुपारी, सभागृहामागच्या खोलीत मुलीनं गाठोडं सोडलं आणि तिचा हात तिथेच थांबला.

"हा आमचा नाही."

"म्हणजे?"

"हा त्यांचा आहे. पूल जाळला, त्यांचा."

 बाहेर खुर्च्या भरल्या होत्या. पहिल्या रांगेत साहेब घड्याळ बघत होते. बाई हलकेच म्हणाल्या, "इथे कुणाला कळणार आहे, बाळ?"

"कुणाला नाही," मुलगी म्हणाली. "पण तुम्हाला कळायला हवं होतं, मॅडम."

तिनं झगा चढवला. मंचावर गेली, दोन गिरक्या घेतल्या, कुठलंसं बडबडगीत म्हटलं. पुलाचं नावही काढलं नाही. टाळ्या थांबेनात. एका आजोबांनी तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढून घेतला आणि टोपी स्वतःच्या डोक्यावर घालून पाहिली. अध्यक्ष म्हणाले, "याला म्हणतात संस्कृती!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी बाईंसाठी स्वतः खुर्ची पुढे ओढली. "कमाल केलीत! टेबल कायम. आता सगळीकडे तीच मुलगी पाठवा, तोच पोशाख."

बाईंनी मुलीला फोन लावला. क्षमा मागायची म्हणून शब्द जुळवून ठेवले होते, पण तोंडातून निघालं ते पुढच्या कार्यक्रमाचंच.  मुलगी म्हणाली, "तो सैल आहे, मॅडम. कुणालाही बसेल." फोन ठेवला गेला. पुन्हा तिनं उचलला नाही.

फोन मात्र आता दिवसभर खणखणत होता. नणंदेचाही आला. "वहिनी, लाल झगेवाली आमच्याकडे कधी? आम्हाला विसरलात होय?"

वसतिगृहात खोली मिळावी म्हणून एक नवी मुलगी ऑफिसात हेलपाटे घालत होती. सपाट, वाळवंटी देशातली. बाईंनी तिच्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकला, खोली मिळवून दिली, आणि नणंदेच्या मंडळाच्या दिवशी तिला घेऊन गेल्या. झगा अंगात गेल्यावर मुलगी गोंधळून म्हणाली, "पण हा आमच्या देशाचा नाही."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या आणि तिचा पट्टा मागून आवळून दिला.