शेहेचाळीस ओहम
नवी इस्त्री पहिल्यांदा तापते तेव्हा आतल्या अभ्रकाचा करपट वास येतो, आणि मला अंबत्तूरचा पत्र्याच्या छपराचा तो लहानसा कारखाना आठवतो. साठच्या दशकात लग्न होऊन मद्रासला आल्यावर मी तिथे इस्त्र्या तपासायच्या नोकरीला लागले होते. आठवडाही झाला नव्हता, आणि एका सकाळी साडेसातशे वॉटच्या इस्त्रीला दोनशे तीस व्होल्ट देताच काटा पाच अँपिअरवर गेला. मी कागदावर भागाकार केला, रोध आला शेहेचाळीस ओहम. गुणाकार केला, साडेअकराशे वॉट! पुढच्या दहाही तशाच निघाल्या. अशी इस्त्री कुणाच्या घरी गेली तर तिथली वायर जळेल, असं मी मालकांना सांगितलं. "मीटर तरी वाचता येतो का तुला? उद्यापासून येऊ नकोस," ते सगळ्यांसमोर ओरडले. मला रडूच फुटलं. तेवढ्यात कॉइल गुंडाळणारे म्हातारे तंजावरी मामा उठून आले आणि मालकांना म्हणाले, "तिचं बरोबर आहे. तार मीच आखूड कापली. पट्टीवरचे आकडे हल्ली मला दिसत नाहीत." मालकांनी गुमान स्वतः मोजून पाहिलं आणि शेवटी दोघांनाही ठेवून घेतलं. "मामा, तुमची नोकरी गेली असती की," मी नंतर म्हटलं. ते हसले. "तुझा भागाकार मला येत नाही गं, पण तुझं रडणं बघवेना." पुढे मी तिथे सत्तावीस वर्षं नोकरी केली. ती सगळी वर्षं मला त्यांनीच दिली, असं मी आजही मानते.